वैद्यकीय अभ्यासक्रम ठरवताना रुग्ण आणि काळजीवाहकांना सोबत घेणं: प्रत्यक्षात कसं करावं?

कवडसा

खाटेपाशी उभं राहून शिकवायचं तर रुग्ण हवाच, याबद्दल दुमत नाही. पण तिथे काय शिकवलं जावं याबद्दल त्या खाटेवरच्या माणसाला विचारावं, हे फार थोड्या कॉलेजांत घडतं. बहुतेक ठिकाणी गाडी ‘रुग्णाचे मनोगत’ या तासाभरापाशी अडते. रुग्ण येतो, आजारपण सांगतो, विद्यार्थ्यांचे डोळे भरून येतात, आभार मानले जातात. अभ्यासक्रमातली एक ओळसुद्धा हलत नाही.

अँजेला टाउल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या सहभागाच्या सहा पायऱ्या मांडल्या. सगळ्यात खाली कागदावरची केस किंवा व्हिडिओ. मग ज्याला तपासून शिकायचं तो रुग्ण. मग अनुभव सांगणारा, मग शिकवणारा किंवा मूल्यमापन करणारा. पाचव्या पायरीवर शिकवणं, परीक्षा आणि अभ्यासक्रमाची आखणी या तिन्हींत बरोबरीचा भागीदार, आणि सहाव्यावर संस्थेच्या निर्णयांत वाटा. तिसरी ते पाचवी ही उडी कशी घ्यायची, यासाठी हा धागा.

माझ्या मते अडचण वेळेची आहे. डेव्हिड कर्न यांच्या १९९८ च्या मांडणीत अभ्यासक्रम सहा टप्प्यांत तयार होतो: प्रश्न ओळखणं, गरजा तपासणं, उद्दिष्टं, शिकवण्याच्या पद्धती, अंमलबजावणी, मूल्यमापन. रुग्णाला बोलावणं जातं ते पाचव्या टप्प्यावर. तोवर उद्दिष्टं छापून झालेली असतात, त्यामुळे त्याच्यासाठी ‘छान आहे’ एवढंच उत्तर शिल्लक राहतं. त्याची खरी जागा पहिल्या दोन टप्प्यांत आहे.

कुणाला घ्यावं, किती जणांना, बैठक कशी चालवावी, परीक्षेत गुण देऊ द्यावेत का, आणि काळजीवाहकांचा विचार वेगळा करावा का, यावर लिहा. तपशिलात लिहिलंत तर जास्त उपयोग होईल.

नांगरट

निवडीपासून सुरुवात करतो, कारण निम्मं काम तिथेच बिघडतं.

विभागप्रमुखांना ‘दोन चांगले पेशंट सुचवा’ म्हटलं की हमखास कृतज्ञ पेशंट येतात. ज्यांचा उपचार नीट झाला, जे स्पष्ट बोलतात, जे डॉक्टरांना दुखावणार नाहीत असे. अर्ध्यावर उपचार सोडलेला, तक्रार केलेला, चार वेळा तेच सांगूनही कुणी न ऐकलेला माणूस या चाळणीतून गळतो, आणि अभ्यासक्रमाला गरज त्याचीच असते. म्हणून निवेदन ओपीडीत लावा, रुग्णांच्या आधारगटांकडे पाठवा, समाजसेवा अधीक्षकांमार्फत द्या. ज्या विभागाचा अभ्यासक्रम ठरतोय त्याच विभागात सध्या उपचार चालू असलेला रुग्ण शक्यतो नको. ज्याच्या हातात आपलं औषध आहे त्याच्यासमोर मोकळं बोलणं कुणालाच जमत नाही.

समितीत कधीही एकटा रुग्ण बसवू नका. बारा जणांच्या समितीत किमान दोन रुग्ण आणि एक काळजीवाहक हवा. एकटा माणूस पहिल्या दोन बैठकांत गप्प राहतो आणि तिसऱ्या बैठकीला येत नाही. मुदत दोन वर्षांची ठेवा आणि सगळे एकदम बदलू नका. मुदत हवीच, कारण फार वर्षं बसलेला रुग्ण हळूहळू प्राध्यापकांच्याच भाषेत बोलू लागतो.

जबाबदारीचं एक पान आधी हातात द्या: काम काय, महिन्याला किती तास, मानधन किती, अडचण आली तर फोन कुणाला, आणि मध्येच सोडायचं असेल तर कसं. मग अर्ध्या दिवसाची दोन सत्रं घ्या. पहिल्यात अभ्यासक्रमाची रचना समजावायची: वर्षं, विषय, उद्दिष्ट म्हणजे काय, परीक्षा कशी होते. सोबत तीस-चाळीस शब्दांची यादी द्यायची. दुसऱ्या सत्रात एखाद्या जुन्या बैठकीचं खरं इतिवृत्त आणि खरं वेळापत्रक वाचायचं. प्राध्यापकांसाठीही एक तास ठेवा. हा तास नेहमी कापला जातो आणि मग बैठकीत लघुरूपांचा पाऊस पडतो.

बैठकीचे कागद दहा दिवस आधी पोचवा. दोन पानी सारांश, मोठा टाइप. बैठक दीड तासाची, मध्ये दहा मिनिटं विश्रांती. रुग्णांचे विषय पहिल्या अर्ध्या तासात घ्या. ते कार्यपत्रिकेच्या शेवटी टाकले की पुढच्या बैठकीवर ढकलले जातात. आदल्या दिवशी समन्वयकाने प्रत्येकाला वीस मिनिटं फोन करायचा: कागद समजले का, कशावर बोलायचं आहे. या एका फोनने जो फरक पडतो तो इतर कशाने पडत नाही.

मानधन बाहेरून येणाऱ्या परीक्षकाच्या दराने द्या. प्रवासखर्च वेगळा, आणि काळजीवाहक बैठकीला आला तेवढा वेळ घरी कुणाला बसवावं लागलं तर त्याचाही खर्च द्या. पैसे त्याच दिवशी द्यावेत. बिलं लावून महिन्या-दोन महिन्यांनी पैसे मिळणार असतील तर फक्त ज्यांना परवडतं तेच येत राहतील. मानधनामुळे एखाद्याचा अपंगत्वाचा भत्ता अडचणीत येत नाही ना, हे आधी तपासा.

पायवाट

नांगरट यांच्याशी सहमत. एकच शंका. दोन रुग्ण आणि एक काळजीवाहक हे ‘रुग्णांचे प्रतिनिधी’ कसे? मधुमेह असलेली व्यक्ती मनोरुग्णांच्या वतीने कशी बोलणार? समितीत हा आक्षेप पहिल्याच दिवशी येतो.

नांगरट

त्यांना प्रतिनिधी म्हणूच नका, म्हणजे आक्षेपाचं मूळच जातं. समितीतले शल्यचिकित्सकसुद्धा सगळ्या शल्यचिकित्सकांनी निवडून दिलेले नसतात. रुग्ण सदस्याचं काम म्हणजे पलीकडून पाहणं आणि ‘हे घरी गेल्यावर कसं होणार?’ हा प्रश्न प्रत्येक विषयाला लावणं. विषयवार माहिती हवी असेल तर समितीबाहेर सहा ते आठ जणांचे गट घ्या: डायलिसिसवाले वेगळे, स्किझोफ्रेनियासोबत जगणारे वेगळे, अपंग मुलांचे पालक वेगळे. गटांचं म्हणणं समितीत मांडण्याची जबाबदारी रुग्ण सदस्यांची.

शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. त्यात माहिती देणं, मत विचारणं आणि समजूत घालणं या मधल्या तीन पायऱ्यांना त्यांनी दिखाव्याचा सहभाग म्हटलं आहे. आपल्या समितीत रुग्णाला मताधिकार आहे का, हा प्रश्न विचारला की आपण कुठल्या पायरीवर आहोत ते लगेच कळतं.

ओंजळ

काळजीवाहकांबद्दल लिहिते. त्यांना ‘रुग्ण आणि नातेवाईक’ अशा एका शब्दजोडीत गुंडाळू नये. रुग्णाला आजार माहीत असतो, काळजीवाहकाला आजाराचं काम माहीत असतं. दोघांचे हितसंबंधही कधी कधी टक्कर घेतात. रुग्णाला वाटतं माझी माहिती कुणाला सांगू नये. काळजीवाहकाला वाटतं मला सांगितलं नाही तर रात्री काय करू. म्हणून एकाच घरातला रुग्ण आणि काळजीवाहक एका गटात बसवू नयेत. दोघंही एकमेकांकडे पाहून बोलतात.

त्यांच्या बोलण्यातून उद्दिष्ट कसं तयार होतं, त्याचं एक उदाहरण. पक्षाघाताच्या, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला घरी सोडताना विद्यार्थी साधारण असं लिहितो: दर दोन तासांनी कूस बदलणे. राइल्स ट्यूबने (नाकातून पोटात जाणारी नळी) दर तीन तासांनी फीड (पातळ अन्न). फीड देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. औषधे सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. प्रत्येक ओळ पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे.

आता काळजीवाहकांच्या गटाला चोवीस चौकटींचा कागद द्या आणि हे सगळं त्यात भरायला सांगा. कूस बदलणं बारा वेळा, फीड आठ वेळा. प्रत्येक फीडनंतर निदान अर्धा तास डोकं वरच ठेवायचं, म्हणजे फीड आणि कूस एकाच वेळी आली की कुठलं तरी एक पुढे ढकलावं लागतं. डोकं वर असताना शरीर खाली घसरतं आणि माकडहाडावरची कातडी ओढली जाते, म्हणजे जखम टाळायची तिथेच ती व्हायला मदत होते. औषध कुटून नळीतून द्यायचं, पण यातली कुठली गोळी कुटायची नाही हे कुणी सांगितलेलं नसतं. आवरण असलेल्या आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या की एक तर औषध वाया जातं, नाही तर सगळा डोस एकदम सुटतो. औषधाच्या आधी आणि नंतर नळीत पाणी सोडायचं, नाही तर नळी तुंबते आणि बदलण्यासाठी पुन्हा दवाखाना. कागद भरून झाला की विद्यार्थ्यांना दिसतं की त्या चोवीस तासांत काळजीवाहकाला सलग दोन तास झोप कुठेच मिळत नाही.

या कागदातून तीन उद्दिष्टं निघतात. विद्यार्थी घरी सोडण्याआधी काळजीवाहकासोबत चोवीस तासांचा तक्ता भरेल. फीड, औषधं आणि कूस यांच्या वेळा एकत्र आणून रात्री जागावं लागण्याच्या वेळा कमी करेल, आणि जिथे वैद्यकीयदृष्ट्या तडजोड चालणार नाही ते वरिष्ठांना विचारून स्पष्ट लिहील. नळीतून देण्याच्या प्रत्येक औषधापुढे ‘कुटायचं / कुटायचं नाही / पर्यायी द्रवरूप’ अशी नोंद करेल. शिकवायला एक तास पुरतो आणि परीक्षाही घेता येते. हे औषधशास्त्र, शुश्रूषा आणि संवाद यांना जोडणारं उद्दिष्ट कुठल्याही एका विभागाला सुचलं नसतं, कारण चोवीस तास कुठल्याच विभागाकडे नसतात.

अश्वत्थ

ओंजळ, हा तक्ता फारच उपयोगी आहे. मी परीक्षेच्या बाजूने भर घालतो.

हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात ठरवून तयार केलेला पहिला अभिनित रुग्ण, म्हणजे रुग्णाची भूमिका करणारा प्रशिक्षित माणूस, वापरला. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीहून ओस्की मांडली: विद्यार्थी एकामागून एक ‘स्टेशनां’वर जाऊन ठरावीक वेळेत एकेक काम करून दाखवतो आणि चेकलिस्टवर गुण मिळवतो, अशी प्रात्यक्षिक परीक्षा. तेव्हापासून परीक्षेत ‘रुग्ण’ आहे, पण त्याची संहिता आणि गुणांची चेकलिस्ट दोन्ही डॉक्टरच लिहीत आले.

चेकलिस्टची एक ओळ पाहा: ‘शेवटी शंका आहेत का असे विचारतो, १ गुण.’ विद्यार्थी पेन खिशात घालत, अर्धवट उठत ‘काही शंका?’ म्हणतो आणि गुण मिळवतो. रुग्णांच्या गटाला हे चित्रीकरण दाखवलं की ते नेमकं तिथेच थांबवायला सांगतात. त्यांच्यासोबत ही ओळ अशी बदलता येते: ‘निदान सांगितल्यावर बोलणं थांबवतो आणि रुग्णाची पहिली प्रतिक्रिया येऊ देतो.’ आणि तिच्या पुढे: ‘काय समजलं ते रुग्णाला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावतो, चुकलं असेल तर वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगतो.’ दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसतात, म्हणून गुण देता येतात.

या कामाला तीन तासांची कार्यशाळा लागते. सहा ते आठ रुग्ण आणि काळजीवाहक, दोन सूत्रधार. आठ मिनिटांच्या सराव स्टेशनची दोन चित्रीकरणं, एक बरं आणि एक कच्चं. पाहून झाल्यावर प्रत्येकाने आधी न बोलता तीन गोष्टी चिठ्ठ्यांवर लिहायच्या. चर्चा लगेच सुरू केली तर पहिला बोलणारा सगळ्यांचं मत ठरवतो. मग चिठ्ठ्यांचे गट पाडायचे. परीक्षक त्यातून दिसण्याजोगं वर्तन लिहून काढतात, आणि ते लिहिलेलं त्याच गटाकडे परत जातं. ही परतफेरी लोक वगळतात. ती वगळली की ‘घाई करू नये’ चं रूपांतर ‘योग्य वेळ देतो’ असं होतं आणि मूळ म्हणणं हरवतं. शेवटी पाच-सहा विद्यार्थ्यांवर चाचणी. दोन परीक्षकांचे गुण सतत वेगळे येत असतील तर ओळ अजून धूसर आहे.

संहितासुद्धा रुग्णांकडून तपासून घ्या. डॉक्टरने लिहिलेला रुग्ण पहिल्याच वाक्यात ‘वेदना दहापैकी सात’ म्हणतो. ज्याने गुडघेदुखी काढली आहे तो सांगतो की माणूस असं म्हणत नाही, तो ‘जिना उतरताना कठडा सोडवत नाही’ असं म्हणतो. विद्यार्थ्याला त्यातून वेदनेची तीव्रता काढता आली पाहिजे.

टाकसाळ

चेकलिस्ट ठरवण्यापर्यंत पटलं. गुण देण्याला मात्र माझा विरोध आहे. रुग्णाला गोड बोलणारा विद्यार्थी आवडतो. ज्याला भाषा नीट येत नाही, जो बुजतो, ज्याचे उच्चार वेगळे आहेत, त्याचं नुकसान होईल. एका गुणाने वर्ष वाया जाऊ शकतं. एवढा भार प्रशिक्षण नसलेल्या माणसावर टाकणं विद्यार्थ्यावरही अन्याय आहे आणि त्या माणसावरही.

अश्वत्थ

धोका खरा आहे, पण तो डॉक्टर परीक्षकालाही लागू आहे. तोही उच्चारांनी प्रभावित होतो. इलाज दोघांसाठी एकच, प्रशिक्षण आणि मर्यादित व्याख्या. सामान्य माणसं हे करू शकतात याचा पुरावा जुना आहे. पॉला स्टिलमन या बालरोगतज्ज्ञांनी १९७० च्या दशकात आईची भूमिका करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांकडून विद्यार्थ्यांच्या मुलाखत-कौशल्याचं मूल्यमापन करून घेतलं होतं.

मी सुचवेन ती व्यवस्था अशी. रुग्ण परीक्षकाने फक्त संवादाच्या ओळींवर गुण द्यावेत, वैद्यकीय अचूकतेवर नाही. एका स्टेशनमधला त्यांचा वाटा दहा-पंधरा टक्क्यांपुरता, आणि पास-नापास कुठल्याही एकाच रुग्णाच्या गुणांवर ठरू नये. आधी दोन तासांचं प्रशिक्षण, त्यात चार चित्रीकरणांना गुण देऊन फरकावर चर्चा. पहिल्या वर्षी गुण मोजायचेच नाहीत, फक्त जमवून डॉक्टर परीक्षकांच्या गुणांशी ताडून पाहायचे.

प्रत्यक्षात अडचण कडकपणाची कमी आणि उदारपणाची जास्त येते. ‘विद्यार्थ्याच्या बोलण्याने तुम्ही समाधानी आहात का?’ असा प्रश्न ठेवला की जवळजवळ सगळ्यांना पाचपैकी पाच पडतात आणि त्या आकड्याचा काही उपयोग राहत नाही. ‘त्याने तुमचं वाक्य मध्येच तोडलं का?’ असं विचारा. आणि वॉर्डातल्या खऱ्या रुग्णांकडून अभिप्रायाचे फॉर्म घेत असाल तर दोन-चार फॉर्मांवरून कुणाबद्दल काही ठरवू नका. टिकाऊ सरासरीसाठी साधारण तीस-चाळीस लागतात, म्हणून ते शिकण्यासाठी वापरा, निकालासाठी नको.

टाकसाळ

पहिलं वर्ष न मोजता ताडून पाहायचं, हे मान्य. त्या तुलनेत बुजऱ्या विद्यार्थ्यांचं काय होतं तेही वेगळं काढून पाहावं, एवढी माझी अट.

अश्वत्थ

अट योग्य आहे. आराखड्यातच लिहून ठेवावी.

गवतफूल

संमती आणि त्रास या बाजूवर अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

संमती एकदाच घेऊन भागत नाही. वर्गात बोलण्याची वेगळी, चित्रीकरणाची वेगळी, आणि ते चित्रीकरण पुढच्या वर्षी पुन्हा दाखवण्याची वेगळी. प्रत्येक फॉर्मवर संमती मागे घ्यायची तारीख आणि पद्धत हवी, आणि मागे घेतल्याने उपचारावर परिणाम होणार नाही हे वाक्य तोंडीसुद्धा सांगायला हवं.

काळजीवाहक बोलतो तेव्हा तो दुसऱ्याची माहिती सांगत असतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ज्याच्याबद्दल बोलणार त्या रुग्णाची संमती शक्य असेल तिथे घ्यावीच. स्मृतिभ्रंशासारख्या स्थितीत ती घेता येत नसेल तर काय सांगायचं नाही ते आधी ठरवून घ्यावं. शौचाचे, लैंगिक वागण्याचे, पैशांचे तपशील माणूस सांगण्याच्या ओघात बोलून जातो आणि नंतर त्याला पश्चात्ताप होतो.

सत्राआधी पंधरा मिनिटं बसून विचारायचं: कुठल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही? ती यादी सूत्रधाराकडे राहते, आणि तसा प्रश्न आला तर तो सूत्रधारच अडवतो. रुग्णाला ‘नको’ म्हणायला लावायचं नाही. थांबण्याची खूण ठरवायची. संपल्यावर लगेच घरी सोडायचं नाही, आणखी पंधरा मिनिटं बसायचं. दुसऱ्या दिवशी फोन करायचा. त्रास बऱ्याचदा त्याच दिवशी रात्री होतो, वर्गात होत नाही.

विद्यार्थ्यांच्या बाजूनेही पाहा. वर्गात कुणाच्या घरी हाच आजार असू शकतो. विषय आदल्या दिवशी जाहीर करा आणि कारण न विचारता बाहेर बसण्याची मुभा ठेवा.

कवडसा

सगळ्यांचे आभार. एक गोष्ट अजून सुटत नाही. रुग्णांनी सूचना दिल्या, समितीने ऐकून घेतल्या, इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ असं आलं आणि पुढे काही झालं नाही. हे कसं टाळायचं? आणि ज्या कॉलेजात एकाच विभागाची तयारी आहे, तिथे सुरुवात कशाने करावी?

नांगरट

‘चर्चा झाली’ हा शब्दप्रयोग इतिवृत्तातून काढून टाका. त्याऐवजी सूचनांची एक नोंदवही ठेवा, सहा रकान्यांची: क्रमांक, सूचना मूळ शब्दांत, निर्णय, कारण, कुणी करायचं, कधीपर्यंत. निर्णय तीनच: स्वीकारली, बदलून स्वीकारली, नाकारली. ‘विचाराधीन’ हा चौथा पर्याय ठेवू नका, सगळ्या सूचना तिथेच जाऊन बसतात. सूचना देणाऱ्याला सहा आठवड्यांत उत्तर गेलं पाहिजे, नकार असला तरी कारणासकट. कारण सांगून दिलेला नकार माणूस पचवतो आणि पुढच्या बैठकीला येतो. उत्तरच आलं नाही तर तो येत नाही.

वर्षाअखेरीस नोंदवहीतून एकच आकडा काढा: किती सूचनांमुळे उद्दिष्ट, वेळापत्रक किंवा प्रश्नपत्रिकेत छापील बदल झाला. किती बैठका झाल्या, किती रुग्ण आले हे आकडे अहवालात चांगले दिसतात, पण त्यावरून काही कळत नाही.

ओंजळ

एकाच विभागाची तयारी असेल तर घरी सोडण्याच्या वेळच्या संवादापासून सुरुवात करा. सगळ्या क्लिनिकल विभागांत तो होतो, शिकवला जवळजवळ कुठेच जात नाही, आणि त्यात काळजीवाहकाचं ज्ञान वादातीत असल्यामुळे विरोध कमी होतो. चार काळजीवाहक, एक निवासी डॉक्टर, एक परिचारिका, एक समन्वयक. पहिल्या महिन्यात तीन जुने डिस्चार्ज कागद नावं काढून घ्यायचे आणि चोवीस चौकटी भरायच्या. दुसऱ्या महिन्यात त्यातून जास्तीत जास्त दोन उद्दिष्टं आणि एक तासाचं सत्र. तिसऱ्या महिन्यात एका तुकडीवर सत्र घ्यायचं, आणि वॉर्डातून त्या तुकडीने लिहिलेले पुढचे दहा डिस्चार्ज कागद, पुन्हा नावं काढून, त्याच चार काळजीवाहकांना वाचायला द्यायचे. कागद वाचून रात्री दोन वाजता काय करायचं ते त्यांना कळलं का, एवढंच विचारायचं.

परिचारिकेला विसरू नका. नळीत पाणी कधी आणि किती सोडायचं, हे वॉर्डात घरच्यांना तीच शिकवत असते.